बोरघाट सहज चढणारी गाडी ट्रॅकवर का तापते?

“मे महिन्यात चार माणसं, डिकीभर सामान आणि एसी चालू ठेवून बोरघाट चढते ही गाडी. काटा जागचा हलत नाही. आणि इथे तीन फेऱ्यांत उकळली? दादा, मागच्याच महिन्यात मोठं रेडिएटर बसवलंय हो!”

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किटच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागी, बोनेट उघडून उभा असलेला एक तरुण सांगलीकर मला हे विचारत होता. आपली रोजची गाडी रेसिंगच्या बंद रस्त्यावर एक दिवस मनसोक्त पळवता येते, त्याला ट्रॅक डे म्हणतात. पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी हल्ली रात्रभर गाडी हाकत त्यासाठी चेन्नई, कोइंबतूर गाठतात. आणि या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसल्यामुळे त्यांतल्या काहींच्या गाड्या परतीच्या वाटेवर टोइंग व्हॅनवर चढतात.

त्या मुलाचं रेडिएटर चांगलं होतं आणि खर्चही त्याने प्रामाणिकपणे केला होता. चूक कुठे झाली होती ते पुढे सांगतो, कारण ट्रॅकच्या कूलिंगबद्दल मला जे सांगायचं आहे ते नेमकं तिथेच आहे.

## दोन ताप वेगळे

थोडी आकडेमोड करू. खोपोली ते खंडाळा चढ सुमारे ५०० मीटरचा. माणसं-सामानासह १,४०० किलोची गाडी १२ मिनिटांत एवढी वर न्यायची तर निव्वळ चढण्यासाठी साधारण साडेनऊ किलोवॅट शक्ती लागते. रस्त्याचं घर्षण आणि हवेचा अडथळा धरला तरी हिशोब अठरा-वीस किलोवॅटच्या आसपास थांबतो.

आता १०० अश्वशक्तीची गाडी ट्रॅकवर घ्या. सरळ रस्त्यावर पाय पूर्ण दाबलेला असतो तेव्हा इंजिन ७५ किलोवॅट देत असतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेची ढोबळ वाटणी अशी, की एक हिस्सा चाकांकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर आणि जवळपास तेवढाच तिसरा इंजिनाच्या धातूत. हा तिसरा हिस्सा पाण्याने आणि तेलाने उचलायचा असतो. म्हणजे पूर्ण जोरात असताना ५० ते ७५ किलोवॅट उष्णता. घरातला साठवणीचा गीझर दोन किलोवॅटचा असतो. घाट चढताना बोनेटखाली नऊ-दहा गीझर चालू असतील, तर ट्रॅकवरच्या सरळ रस्त्यावर पंचवीस ते पस्तीस. वळणावर पाय उचलला की ते क्षणभर बंद होतात आणि वळण संपताच पुन्हा लागतात. वीस मिनिटांच्या सत्रात यातून सुटका नाही.

मग घाटात गाड्या तापतात त्या का? तिथे उष्णता कमी असते, पण हवाही नसते. ट्रकच्या मागे वीसच्या वेगाने रांगताना सगळी मदार पंख्यावर असते. पंखा बिघडला किंवा जाळीत चिखल बसला की गाडी तापली. ट्रॅकवर शंभरच्या वर वेग असतो, हवा भरपूर असते. तिथे उष्णताच इतकी की समोरून येणाऱ्या हवेचा थेंब न् थेंब कामाला लावावा लागतो. घाटातला ताप हवेच्या दुष्काळाचा आणि ट्रॅकवरचा ताप उष्णतेच्या महापुराचा. पहिल्याचं औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही.

वरून आपलं हवामान. रेडिएटर चालतो तो पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी १०० अंशांवर आणि हवा २० अंशांची असेल तर फरक ८० चा. हवा ४० अंशांची असली की तोच फरक ६० वर येतो. तेच रेडिएटर, तोच वेग, पण ताकद एक चतुर्थांशाने कमी. युरोपातल्या कुणी व्हिडिओत दाखवलेला उपाय चेन्नईच्या एप्रिलमध्ये पुरत नाही, त्याचं मोठं कारण हे.

## उष्णतेची एसटी

इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला आपण कूलंट म्हणतो. पाण्यात ग्लायकॉल नावाचं रसायन आणि गंज रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात. हे कूलंट म्हणजे एसटी बस. सिलिंडरभोवतीच्या पोकळीत उष्णतेचे प्रवासी चढतात, रेडिएटर या स्टँडवर उतरतात, तिथून पुढे त्यांना हवा घेऊन जाते. वॉटर पंप हा ड्रायव्हर. थर्मोस्टॅट हा फाटकावरचा माणूस: पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेस्तोवर तो बस स्टँडकडे सोडतच नाही, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं.

स्टँडवर गर्दी साचली तर बस वाढवून उपयोग नसतो, पुढची वाहनं वाढवावी लागतात. कूलिंगचंही तसंच. धातूपासून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या पत्र्यात आणि पत्र्यातून हवेत अशा तीन पायऱ्यांतली जी तोकडी असेल तिथेच पैसा लावायचा. ट्रॅकवर बहुतेक वेळा तोकडी असते ती शेवटची, हवेची.

## डॅशबोर्डवरचा काटा खरं सांगत नाही

तुमच्या गाडीचा काटा मधोमध स्थिर असतो ना? तो तसा ठेवलेला असतो. अनेक आधुनिक गाड्यांत पाणी ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मध्येच राहतो. चालकाने उगाच घाबरून शोरूम गाठू नये म्हणून केलेली ही सोय. बऱ्याच गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. तो लागतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

म्हणून पहिला खर्च रेडिएटरचा नव्हे, मोजण्याचा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या खाचेला, लागणारं छोटं यंत्र आणि मोबाइलवरचं अ‍ॅप एवढ्यात कूलंटचं खरं तापमान दिसतं. प्रत्येक फेरीनंतरचा आकडा कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा. चढत चढत एका जागी थांबला तर गाडीने समतोल गाठला. फेरीमागे दोन-तीन अंशांनी चढतच राहिला तर सत्र संपायच्या आत ती उकळणार. या दोन गाड्यांचे उपाय वेगळे असतात आणि काट्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

## झाकण म्हणजे कुकरची शिट्टी

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण शे-दोनशेची वस्तू वाटते. त्यातली स्प्रिंग आतला दाब साधारण एक बारच्या आसपास धरून ठेवते, आपल्या प्रेशर कुकरएवढाच. महाबळेश्वरला साध्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो, कारण उंचीवर दाब कमी आणि पाणी शंभरच्या आधीच उकळतं. दाब वाढवला की उलट होतं. १.१ बारचं झाकण ठीक असेल तर साधं पाणीही सुमारे १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली की सिलिंडर हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागातल्या, सर्वांत तापलेल्या जागी बुडबुडे धरतात. वाफ उष्णता नीट उचलत नाही, आणि तिथला धातू एकदम तापतो. जुनी गाडी ट्रॅकवर नेणार असाल तर झाकण नवं घ्या, कंपनीने सांगितलेल्याच दाबाचं. जास्त दाबाचं घेतलं तर ताण होज पाइपवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीवर येतो.

गरम असताना हे झाकण उघडू नका. दाब गेला की आतलं ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून वाफेसकट तोंडावर येतं. मी भाजलेले हात पाहिले आहेत.

## हवेचा पाट

आता त्या सांगलीकराची गाडी.

उसाला पाणी देताना पाटाला मधेच भगदाड पडलं तर काय होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मोटार कितीही मोठी बसवा, पाणी सरीपर्यंत पोचतच नाही. हवा अगदी तशीच वागते. रेडिएटरच्या दाट जाळीतून जाणं तिला कष्टाचं असतं. बाजूला बोटभर फट दिसली की ती तिथून निघून जाते. म्हणून गाडी बनवणारे गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीपासून रेडिएटरपर्यंत प्लास्टिकच्या पट्ट्या आणि फोम लावून पाट बांधतात. दिसायला त्या क्षुल्लक असतात.

त्याच्या गाडीत जाड रेडिएटर बसवताना त्या पट्ट्या मध्ये येत होत्या. बसवणाऱ्याने त्या काढल्या आणि परत लावल्याच नाहीत. वरून अपघातापासून वाचवायचं म्हणून रेडिएटर इंचभर मागे सरकवलेलं. चारही बाजूंनी भगदाडं. तोंडाशी असलेल्या जाळीतून आत आलेली बरीच हवा रेडिएटरला वळसा घालून जात होती.

आम्ही झोपायच्या मॅटचा फोम कापला, अ‍ॅल्युमिनियमची टेप आणि केबल टाय घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या फटी बुजवल्या. दुपारच्या, म्हणजे जास्त उन्हाच्या सत्रात गाडी सात फेऱ्या फिरली आणि आकडा १०४ वर येऊन थांबला. फोम आणि टेपचा खर्च पाचशेच्या आत.

पाटाला तोंड लागतं तसा शेवटही लागतो, आणि तो लोक विसरतात. आत आलेली हवा बाहेर पडली नाही तर नवी येणार कुठून? इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर ‘हवा लागू दे’ म्हणून काढून टाकायची पद्धत आहे. बऱ्याच गाड्यांत त्याने नुकसान होतं, कारण ते कव्हर गाडीखालून वाहणारी हवा सुरळीत ठेवतं आणि रेडिएटरमागचा दाब कमी राहायला मदत करतं. ते गेलं की खालची हवा इंजिनपाशी वर घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला अडवते.

दुसरी खोड बोनेटच्या मागच्या बिजागरीत वॉशर घालून काचेपाशी फट ठेवण्याची. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीची गरम हवा त्यातून निघते, हे खरं. पण वेगात समोरच्या काचेच्या तळाशी हवेचा दाब जास्त असतो. एसीच्या पंख्याला लागणारी बाहेरची हवा तिथूनच घेतात, ती याचमुळे. शंभरच्या वेगाने त्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत ढकलली जाऊ शकते. बोनेटला खाचा करायच्याच असतील तर त्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे, जिथे बोनेटवरचा दाब सर्वांत कमी असतो.

हा हवेचा विचार विमानांतून आला. १९३०च्या दशकात ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये फ्रेडरिक मेरेडिथ यांनी दाखवलं, की रेडिएटरसमोरचा मार्ग तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणारा ठेवला तर हवेचा वेग मंदावतो, दाब वाढतो आणि ती जाळीतून नीट जाते. मागून अरुंद वाटेने बाहेर पडणारी तापलेली हवा तर विमानाला थोडी पुढे ढकलतेसुद्धा. पी-५१ मस्टँग विमानाच्या पोटाखालचा तो मोठा मार्ग याच तत्त्वाचा. आपल्या हॅचबॅकसाठी यातून घ्यायचा धडा एवढाच: समोरचं तोंड रेडिएटरच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याएवढं असलं तरी पुरतं, पण तिथपासून रेडिएटरच्या कडांपर्यंत एकही फट नको.

## मग मोठं रेडिएटर घ्यायचंच नाही का?

घ्या, पण पाट बांधून झाल्यावर आणि तरीही आकडा चढत असेल तर. रुंद-उंच रेडिएटर जाड रेडिएटरपेक्षा चांगलं, कारण जाडीत मागच्या भागाला आधीच तापलेली हवा मिळते आणि हवेला वाट काढणंही अवघड जातं. बहुतेक गाड्यांत मात्र रुंदी-उंचीला जागा नसते, म्हणून लोक जाडीकडे वळतात. थोडी जाडी चालते. दुप्पट-तिप्पट जाडीचं घेतलं तर हवेचा मार्ग तितकाच चोख लागतो, नाहीतर पैसे देऊन भिंत बसवल्यासारखं होतं.

“तांबं उष्णता जास्त वाहून नेतं, मग अ‍ॅल्युमिनियम का?” तांब्याची वहनक्षमता जास्त आहेच. पण तांबं-पितळेच्या रेडिएटरचे सांधे मऊ डाखाचे असतात, नळ्या अरुंद ठेवाव्या लागतात आणि वजन वाढतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, त्यामुळे पत्र्याला चिकटणारी जागा वाढते. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरचा आणखी एक फायदा मला थंडाव्याहून मोलाचा वाटतो: कंपनीच्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी वर्षानुवर्षांच्या तापण्या-थंड होण्याने ठिसूळ होऊन फुटते, तसं इथे होत नाही.

नवं बसवण्याआधी जुनं धुऊन पाहा. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोन्हींच्या मधल्या फटीत धूळ, किडे, उसाचं पाचट असा थर बसतो. समोरून तो दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने धुवा. जोराच्या पंपाने पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

## तेल: ज्याकडे कुणी बघत नाही

पाणी सिलिंडरभोवती आणि हेडमध्ये फिरतं. पिस्टनची खालची बाजू, क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) बेअरिंगं इथे ते पोचत नाही. तिथली उष्णता उचलतं इंजिन ऑइल. घाटात तेलाचं फारसं बिघडत नाही. ट्रॅकवर इंजिन सतत मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर असतं, तेव्हा पाणी १०० वर शांत आणि तेल १३५ वर, असं सहज घडतं.

काकवी थंड असताना चमच्याला चिकटते आणि गरम केली की पाण्यासारखी ओघळते. तेलाचंही असंच. १०० अंशांवर जो दाटपणा असतो तो १३० वर निम्म्याच्या जवळ येतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो त्यावरच इंजिनाचा जीव. तो फाटला की धातूवर धातू घासतो. पाणी उकळून गेलेलं हेड गॅस्केट (हेडखालचा गळती रोखणारा पातळ पत्रा) बदलता येतं, हेड फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट, करता येतं. बेअरिंग गेलं तर अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

उपाय म्हणजे ऑइल कूलर, तेलासाठीचं छोटं रेडिएटर. तेलाच्या फिल्टरखाली एक चकती बसवून तिथून पाइप काढतात. त्या चकतीत थर्मोस्टॅट असलेलाच घ्या, नाहीतर रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर तेल कधीच पुरेसं तापत नाही आणि त्यातलं पेट्रोल व ओल उडून जात नाही. पाइप दर्जेदार हवेत. इथला सांधा निसटला तर काही सेकंदांत इंजिन कोरडं पडतं आणि मागून येणाऱ्याच्या टायरखाली तेल सांडतं. अर्धवट काम होणार असेल तर कूलर न बसवलेला बरा. त्याऐवजी चांगलं सिंथेटिक तेल, पातळी खुणेच्या वरच्या टोकाला आणि कमी फेऱ्या.

टर्बो गाडीत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र असलेल्या गाडीत, आणखी एक भागीदार असतो, इंटरकूलर. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती हा थंड करतो. पण तो बहुधा रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणजे त्याने टाकलेली गरम हवा रेडिएटरला मिळते. इंटरकूलर मोठा केला आणि पाणी तापायला लागलं, हे कोडं यातून सुटतं.

## गॅरेजमध्ये ऐकू येणाऱ्या चार गोष्टी

“थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाका, पाणी मोकळं फिरेल.” हा सल्ला फार जुना आणि फार पसरलेला. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला टाळून जाणारी आडवाटही बंद करतो. तो काढला की आडवाट सतत उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच परत फिरतं. कमी अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट चालतो, पण त्याने फक्त सुरुवात खालून होते. रेडिएटरची ताकद अपुरी असेल तर शेवटचा आकडा तोच येतो, एखाद्-दोन फेऱ्या उशिरा.

“पाणी फार जोरात फिरलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही.” पुन्हा एसटीकडे चला. बस जास्त फेऱ्या मारू लागली तर दर फेरीला कमी माणसं उतरतील, पण दिवसभरात जास्त माणसं पोचतील. रेडिएटरमध्ये पाणी कमी वेळ राहतं तसं ते इंजिनातही कमी वेळ राहतं, शिवाय ते पुन्हापुन्हा येतं. खरा धोका पंप अति वेगाने फिरून त्याच्या पात्यांपाशी बुडबुडे होण्याचा, आणि त्यावर झाकणाचा योग्य दाब हेच उत्तर.

“मोठे पंखे लावा.” साठ-सत्तरच्या वर वेग गेला की समोरून येणारी हवा पंख्याहून जास्त असते. पिटमध्ये उभं असताना चांगला पंखा हवाच, पण ट्रॅकवर तो वाटेतला अडथळा ठरू शकतो.

“कूलंट कशाला, साधं पाणी जास्त थंड ठेवतं.” यात अर्धं सत्य आहे. निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी उष्णता वाहतं. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे ट्रॅकसाठी ग्लायकॉल कमी ठेवता येतं. पण गंजरोधक द्रव्य घालायलाच हवं आणि पाणी बॅटरीत घालतात तसलं शुद्ध. बोअरचं पाणी घातलं तर क्षाराचा थर नळ्यांच्या आत बसतो आणि मग कुठलंच रेडिएटर पुरत नाही. काही ट्रॅकवर ग्लायकॉलला मनाई असते, कारण सांडलेलं ग्लायकॉल निसरडं असतं आणि लवकर वाळत नाही. आधी विचारून घ्या.

## एवढं करावं लागतं तर कंपनी का देत नाही?

कारण कंपनी तुमच्या रोजच्या रस्त्यासाठी गाडी बनवते. मोठं रेडिएटर म्हणजे वजन, किंमत, हवेचा अडथळा आणि मायलेजमध्ये घट. लाखो गाड्यांतल्या मोजक्या ट्रॅकवर जातात. यात मला फसवणूक दिसत नाही. पण ट्रॅकवर घडलेल्या नुकसानाची जबाबदारी आपली, हे नीट समजून जा. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. वॉरंटीतल्या गाडीला ऑइल कूलर लावण्यापूर्वी कागद वाचा.

## चालवण्यातलं कूलिंग

सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीला अगदी चिकटून राहू नका. तुमच्या रेडिएटरला तिची तापलेली, विस्कटलेली हवा मिळते. अर्ध्या गाडीएवढं बाजूला सरका. गिअर इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्या आधी बदला, वेळेत फार फरक पडत नाही आणि उष्णता बरीच कमी होते. तीन-चार जोरदार फेऱ्यांनंतर एक शांत फेरी मारा. पाणी ११० च्या पुढे जाऊ लागलं तर ती फेरी लगेच, एसी बंद करून. अगदीच अडचणीत असाल तर हीटर पूर्ण चालू करा. ते आतलं छोटं रेडिएटरच आहे, त्रास होईल पण इंजिन वाचेल.

सत्र संपल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पण धातूतली उष्णता तशीच राहते आणि पाणी बंद गाडीतही आणखी तापतं. शेवटची फेरी सावकाश मारून या, मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, बोनेट उघडा. हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या ब्रेकला तो चिकटतो. चाकाला दगड लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा आणि टेपवर खूण करून ठेवा. आठवडाभराने पुन्हा बघा. कुठे गळती दिसत नसतानाही पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट संशयित. कूलंटमध्ये जळालेला वायू मिसळतोय का, याची रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी होते, ती करून घ्या. ती होईपर्यंत पुढच्या ट्रॅक डेचे पैसे भरू नका.